ढकलत नेलेलं सीमोल्लंघन

मी एक जुनी इटालियन मोटार आहे, लॅम्बोर्गिनी. रंग रुपेरी, बैठक चौघांची, पुढे बारा सिलिंडरचं इंजिन. मला घडवणारे आधी ट्रॅक्टर बनवायचे, म्हणजे माझं माहेर ट्रॅक्टरवाल्यांचं, आणि मला त्याची लाज नाही. मित्रांनो, आज मी चिडलेली आहे, गोड बोलणं मागू नका.

नगरजवळ नागापूरला काकासाहेबांच्या शेडमध्ये मी राहते. शेजारी लाल फेरारी होती. तिचं माहेर शर्यतवाल्यांचं. बैठक दोघांपुरती, वळणावर चपळ, आवाज खणखणीत. मी जड, पण दिवसभर पळाले तरी आतल्या माणसाची पाठ दुखत नाही. लांबच्या वाटेसाठीच दोघींना घडवलं. तरुणपणी काकासाहेबांनी मला खूप फिरवलं. मग कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं, गाडी जितकी कमी चाललेली, तितका तिला मान. झालं! दोघींवर कापड पडलं.

दसऱ्याला तर कहर. आम्हाला झेंडूचे हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि माणसं लावून फाटकाबाहेर ढकलायचं. परत आत! इंजिन बंदच. हे म्हणे आमचं सीमोल्लंघन. लाज वाटली मला त्या लिंबाची.

यंदा काकासाहेबांना शेड रिकामी करायची होती. पुण्याचे शरच्चंद्र जुन्या गाड्या जमवतात. ते एक निवडणार, उरलेली सुटे भाग करून विकायची. हातात टॉर्च घेऊन ते आमच्याभोवती फिरले.

"लाल जवळजवळ कोरी आहे. ही फार चाललीय. दारावर ओरखडे, सीटवर डाग."

काकासाहेबांच्या आई, आक्काबाई, दारातूनच गरजल्या, "ओरखडं माझ्या बांगड्यांचं हायेत. डाग कर्जतच्या लग्नातल्या जिलबीचा. आन् पाव्हणं, सून बघायला आलात व्हय? चालवून तर बघा!"

"आई, तुला यातलं न्हाई कळत."

"बैल घेताना बी चालवून बघत्यात, काकासाहेब."

कुणी ऐकलं नाही. लाल ट्रकवर चढली, वरून कापड. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये!

मग काकासाहेब माझ्याकडे वळले. "हिला खोलायला माणूस बोलवतो."

आक्काबाईंनी माझं दार उघडलं आणि आत बसल्या. "खोल की. म्या उतरत न्हाई."

जेवणाची वेळ टळली, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी काकासाहेबांनी रामहरी मिस्त्रीला बोलावलं, पण मला दुरुस्त करायला. टाकीत पेट्रोलचा चिकटा झाला होता, नळ्या तडकल्या होत्या. न पळताच मी झिजले होते!

दसऱ्याला मी स्वतःच्या जोरावर लिंबू चिरडलं. आक्काबाईंना घेऊन राळेगणसिद्धीपर्यंत गेले आणि आपट्याची पानं घेऊन परतले.

माझा राग मात्र गेलेला नाही. लाल जिंकली म्हणतात. जिंकून मिळालं काय, तर अंधार आणि कापड! मित्रांनो, पळणारीला झाकून ठेवता आणि त्याला जपणं म्हणता? शरच्चंद्र कुठे भेटले, तर त्यांना माझा निरोप द्या. "लाल अजून उभी आहे, आणि चावी तुमच्याच खिशात आहे."