सैल पट्ट्यावरचे ब्लूज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी चाल मंद आहे आणि ही हकीकत त्या मंदपणाचीच आहे.

मित्रांनो, मी जपानमधल्या एका कारखान्यात तयार झालो. आखातातून परतलेल्या एका माणसाने मला सुलतान बाजारात विकले आणि तिथून हिम्मतरावांनी मला विद्यानगरच्या घरी आणले. हिम्मतराव सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. घराणे वकिलांचे, पण यांच्या हातात गिटार. वाजवायचे ते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःख पचवून गायलेली गाणी. रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डकडून ते कॅसेटी उसन्या आणत आणि माझ्यावर ऐकून शिकत.

माझ्या पोटात एक रबरी पट्टा आहे. मोटर पट्टा फिरवते आणि पट्टा फीत पुढे नेतो. तो लवकरच सैल झाला. त्यामुळे प्रत्येक गाणे माझ्यावर संथ आणि थोडे खालच्या सुरात वाजे. हिम्मतरावांना वाटले, मूळ गाणेच असे आहे. ते तसेच शिकले. तारासुद्धा माझ्या सुराला उतरवून लावल्या. शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये ते वाजवू लागले की गार्ड विचारी, "हिम्मतराव, ही मेल की मालगाडी?" पण लोक येत ते त्या संथपणासाठीच. कौतुक त्यांचे होई. त्यातला माझा वाटा कोणाला ठाऊक नव्हता, त्यांनाही नव्हता.

रविवारी सकाळी ते माझी ध्वनिमुद्रणाची दोन बटणे एकदम दाबत आणि स्वतःसाठी वाजवत, गात. अशा कॅसेटींनी एक बिस्किटांचा डबा भरला. त्या त्यांनी कोणाला ऐकवल्या नाहीत.

नव्वदनंतर बाजार खुला झाला. सुलतान बाजारात 'जुना द्या, नवा घ्या' असे फलक लागले. त्यांची मुलगी वैशाली कॉम्प्युटर कंपनीत लागली आणि तिने नवा स्टिरिओ आणला. हिम्मतरावांनी तो एकदा ऐकला. "याच्यावर सगळेच घाईत आहेत," म्हणाले आणि माझ्याकडे परत आले. पुढे ते हृदयविकाराने गेले, आणि मी माळ्यावर गेलो.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका नव्या कॅसेट कंपनीचा ओंकार नावाचा माणूस घरी आला. वैशालीकडून त्याला डब्याविषयी कळले होते आणि त्यातल्या गाण्यांचा संग्रह काढायचा होता. कॅसेटी नेऊन त्याने नमुना तयार करून आणला. हिम्मतरावांच्या पत्नी पद्मावतीबाई स्टिरिओसमोर बसल्या. गिटार धावत होती. आवाज पातळ आणि पोरसवदा होता.

"हा ह्यांचा आवाज नाही," त्या म्हणाल्या.

ओंकारने समजावले की फक्त खरखर काढली आहे. माणूस गेल्यावर असे वाटते, असेही तो हळूच म्हणाला. पण पद्मावतीबाईंनी संमती दिली नाही. काय चुकले आहे, तेही त्यांना सांगता येईना.

"आई, तू अडवलंस तर बाबा डब्यातच राहतील," वैशाली म्हणाली.

"आणि नाही अडवलं तर त्यांच्या नावानं दुसराच कुणी बाहेर जाईल."

त्याच आठवड्यात वैशालीने 'जुना द्या, नवा घ्या'मध्ये देण्यासाठी मला खाली काढले. दुकानदार फक्त चालू यंत्रे बदलून घेत असे, म्हणून तिने दुरुस्तीवाल्या अंबाजीला बोलावले. त्याने माझी धूळ झटकली आणि मी चालतो का हे पाहायला डब्यातली एक कॅसेट माझ्यात घातली.

मी चाललो, जसा नेहमी चालायचो तसाच.

पद्मावतीबाई कणकेच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात थांबल्या. गाणे शेवटपर्यंत वाजले. मग अंबाजीने नवा पट्टा बाहेर काढला. "पट्टा ढिला झालाय, अम्मा. बहुत स्लो चलतंय. पाच मिनटांत एकदम बरोबर करून देतो."

"हात काढ त्याच्यावरून," पद्मावतीबाई म्हणाल्या. "हेच बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी ओंकार आला. एकच गाणे त्याने आधी स्टिरिओवर ऐकले, मग माझ्यावर. संथ फिरणाऱ्या फितीवर भरलेला आवाज नेमक्या वेगाच्या यंत्रावर धावणारच, हे त्याला उमगले. "काकू, माझंच चुकलं," एवढेच तो म्हणाला आणि त्याने सगळ्या कॅसेटी माझ्यावरूनच पुन्हा भरून घेतल्या. शेवटची संपली, तेव्हा कुठे पद्मावतीबाईंनी सही केली.

संग्रह निघाला. आता नव्या स्टिरिओवरही हिम्मतराव संथ गातात. गेल्या पावसाळ्यात माझा पट्टा तुटला. पद्मावतीबाईंनी तो काडेपेटीत घालून माझ्याशेजारी ठेवला आहे. नवा बसवू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादे जुने यंत्र असेल. ते जरूर पुसा, जरूर दुरुस्त करा. पण स्क्रू काढण्याआधी ते एकदा चालवून शेवटपर्यंत ऐका, आणि घरात कोणी कणकेच्या हातांनी दारात येऊन उभे राहते का, ते पाहा.