पाटीवरचं एक नाव

घणाचा पहिलाच घाव सागिन्दिकने बापाच्या नावावर घातला. काळ्या दगडाचा टवका उडून पाथरवट ओराझगालीच्या गालात घुसला आणि रक्ताची धार त्याच्या दाढीत उतरली. गावातल्या दिवंगत एकतीस कोळ्यांची ती स्मृतिपाटी होती. नव्या धक्क्याशेजारी गावाने संग्रहालय उभं केलं होतं आणि दुपारी जेवणानंतर तिथेच तिचं अनावरण व्हायचं होतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" ओराझगाली ओरडला. "पाहुणे यायची वेळ झाली!"

"माझा बाप जिवंत आहे. कुणाला विचारून मारलास त्याला?"

"बावीस वर्षं झाली, बाबा. जिवंत माणूस एखादा निरोप तरी धाडतो."

सागिन्दिकने घण टाकला आणि मुठींनी सुरुवात केली. दोन दात जमिनीवर पडले तरी तो थांबेना. ओराझगाली निपचित पडला, तेव्हा सागिन्दिकने त्याची मान पाटीच्या कडेवर दाबून धरली. तेवढ्यात पाठीत वल्ह्याचा असा तडाखा बसला, की तो गुडघ्यांवर आला. मागे झाप्पारकाका उभे होते, त्याच्या बापाचे सख्खे भाऊ.

"मारून टाकशील त्याला, मेल्या! सोड!" मग ते ओराझगालीकडे वळले. "आणि तू रे? याचा बाप बेकबोलात माझ्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढलाय, हे साऱ्या कराउझेक गावाला ठाऊक आहे. मोकळी राहू दे ती जागा."

समुद्र आटत गेला, तेव्हा निम्मं गाव असंच ट्रकमध्ये बसून गेलं होतं. बेकबोलातने मात्र जायच्या आदल्या संध्याकाळी सतरा वर्षांच्या सागिन्दिकला वल्ह्याने झोडपलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा डावा कान बंद होता. तरीही तो बापाची वाट पाहायचा. मार खाल्लेली पोरंच बापाची जास्त वाट पाहतात की काय, कोण जाणे. पुढे काकांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मैलभरात पाणी नसताना त्याला जाळं विणायला बसवलं, तेव्हा लोक पोट धरून हसले होते. मग समुद्राचं पाणी अडवणारं धरण झालं, पाणी परतलं, मासे परतले. आता सागिन्दिक कोळ्यांच्या सोसायटीचा प्रमुख होता.

दुपारी सगळे जेवायला बसले. ओराझगालीही आला, तोंडावर फडकं धरून. सागिन्दिकने त्याची माफी मागितली, पण मान वर न करता. काका नेहमीसारखे त्याच्या उजव्या हाताला बसले. चांगला कान त्या बाजूला होता.

मेंढीचं उकडलेलं डोकं मानाचं म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यापुढे, म्हणजे काकांपुढे आलं. ज्याचा बाप जिवंत आहे, त्याने डोक्याला सुरी लावायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सोसायटीचा प्रमुख म्हणून लोकांनी कितीदा तरी चुकून सागिन्दिकपुढे ताट सरकवलं होतं, आणि दर वेळी काकांनीच ते झडप घालून मागे घेतलं होतं.

काकांचे डोळे भरून आले होते. "धक्का झाला, संग्रहालय झालं," ते म्हणाले. "हे सगळं या पोरानं केलं. आज मान त्याचा." आणि त्यांनी ताट सागिन्दिकपुढे सरकवलं.

चमचे थांबले.

"म्हातारचळ लागला का हो, झाप्पार?" पलीकडून कुणीतरी हसलं. "बाप आहे की त्याचा!"

"चुकलंच. आण इकडे," काका म्हणाले. पण ताटाकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थबकला आणि चेहरा राखेसारखा झाला.

सागिन्दिकने तो चेहरा पाहिला. बावीस वर्षं तोंडाने सांभाळलेली गोष्ट आज मायेच्या भरात काकांच्या हाताने सांगून टाकली होती. ताटातली सुरी त्याच्या मुठीत होती आणि काकांचा सुरकुतलेला गळा वीतभर अंतरावर. काकांनी गळा मागे घेतला नाही. ते त्याच्या चांगल्या कानाकडे झुकले.

"त्या संध्याकाळी तुला मारून टाकलं असतं रे त्यानं," ते इतकंच पुटपुटले. दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नाही.

सकाळच्या मारामारीत सोललेल्या बोटांतून रक्त मुठीवर ओघळलं.

मग सागिन्दिकने मेंढीचं डोकं जवळ ओढलं आणि सावकाश त्याचा कान कापला. कुणीतरी खोल श्वास घेतला.

"ओराझगाली," तो म्हणाला, "नाव परत कोर."

फडक्याआडून ओराझगालीने चाचरत विचारलं, "आणि तारीख? कुठली घालू?"

सागिन्दिकने सुरी पुसली आणि काकांच्या ताटाजवळ ठेवली.

"काकांना विचार."