आढ्यावरचा पंचा

ग्रिगोरेनं गाठोड्याची गाठ बोटांनी सोडवून पाहिली, मग दातांनी ओढली. वर आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसलेला ओनोफ्रे मिस्त्री खाली बघत होता. त्याच्या मांडीवर फर झाडाची हिरवी फांदी होती. ती आढ्याला ठोकायची, तिला घरच्या बाईनं दिलेला पंचा बांधायचा, बाईचं नाव गल्लीला ऐकू जाईल असं पुकारायचं आणि मगच खाली उतरायचं, अशी इकडच्या सुतारांची रीत.

"मालक, आम्ही आता इथंच घरटं बांधायचं का?"

"सुटतेय, सुटतेय."

"सुटू द्या निवांत. बाटली खाली आहे आणि आम्ही वर, एवढंच आमचं म्हणणं."

त्याचे दोघे साथीदार वाशांवरून हसले. फळ्या टाकून केलेल्या टेबलावर ग्रिगोरेची मेहुणी तुदोरा पाव कापत होती. गाठोडं उघडलं तसा तिचा हात थांबला.

आत पांढरेशुभ्र पंचे होते. एकालाही लाल काठ नव्हता. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक नाणं गाठीत बांधलेलं आणि गाठीत खोचलेली पिवळ्या मेणाची बारीक मेणबत्ती.

"दाजी, हे कुठलं आणलंत?"

"कपाटातलं. वरच्या फळीवरचं."

"तिथं दोन होती. एक घराचं, एक तिनं स्वतःच्या मरणासाठी बांधलेलं."

ग्रिगोरेनं एक पंचा उचलला, गाठीतलं नाणं अंगठ्यानं चाचपलं आणि विटांच्या ढिगावर बसला.

जमीन घ्यायचं त्याच्या बायकोनं, सावेतानं ठरवलं होतं. बुखारेस्टमधली नोकरी संपल्यावर त्या सातव्या मजल्यावर काय करायचं, असं ती म्हणायची. शहराला लागून असलेल्या इल्फोव्ह जिल्ह्यात मक्याची शेतं मोडून तुकडे विकत होते. त्यांच्या वाट्याला लांबलचक, अरुंद पट्टा आला. ग्रिगोरे म्हणाला होता, हा तर बोळ आहे. ती म्हणाली, "बोळातच जन्म गेला की आपला. निदान या बोळाला आभाळ आहे." शेताच्या जमिनीवर घर बांधायची परवानगी मिळेपर्यंत ती दर आठवड्याला बस धरून यायची आणि अजून नसलेल्या खोल्यांमधून हिंडायची. इथं चूल, इथं पलंग. पाया भरला तेव्हा ती उभी होती. भिंती तिनं पाहिल्या नाहीत.

तिला पुरायला नेलं त्या दिवशी पाहुणे दारात होते आणि पंचे द्या, पंचे द्या म्हणून कोणीतरी सारखं मागत होतं. ग्रिगोरेनं हाताला लागलं ते गाठोडं काढलं. शवपेटी उचलणाऱ्यांच्या खांद्यांवर लाल काठांचे, कोंबडे विणलेले पंचे आले. लोक वळून बघत होते. पाद्रीही बघत राहिला. ग्रिगोरेला वाटलं होतं, तिचं विणकाम बघतायत.

"म्हणजे ती तशीच गेली," तो म्हणाला.

"कशी?"

"रिकाम्या हातानं. तिकडे वाटेवर जकात द्यावी लागते म्हणतात. प्रत्येक नाक्याला एक नाणं. तिनं सगळी बांधून ठेवली होती, तुदोरा. आणि मी तिला कोंबडे दिले."

तुदोरानं सुरी खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"माझी बहीण बाजारातून कधी पूर्ण पैसे देऊन आली नाही. तिथंही घासाघीस करून गेली असेल. उठा आता. हमरस्त्याच्या दुकानात पंचे मिळतात, चांगला लाल काठाचा घेऊन या. मरणाचं कापड कोणी घरावर बांधत नाही."

"घर कुठं आपलं आहे? रविवारी घर विकत घेणारी माणसं बयाणा घेऊन येणार आहेत."

"मग त्यांच्या डोक्यावर बांधणार हे?"

"काय झालं खाली?" ओनोफ्रेनं विचारलं.

तुदोरानं सांगितलं. वरचं हसणं थांबलं. ओनोफ्रेनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"मी आजवर आढ्याला काय काय बांधलंय. एका बाईनं नवऱ्यावर रागावून त्याची चड्डी दिली होती. घर अजून उभं आहे." मग त्यानं टोपी परत घातली. "पंचा कसला, ते तुम्ही ठरवा मालक. मला फक्त नाव सांगा. नवीन मालकीणबाईंचं नाव काय?"

ग्रिगोरे आठवत राहिला. गाडीतून उतरली नव्हती ती बाई. काच खाली करून तिनं फक्त विचारलं होतं, हे एवढंच अरुंद आहे का?

तो उठला आणि पंचा घेऊन शिडीपाशी गेला.

"नाणं तरी सोडा त्यातलं," तुदोरा हळूच म्हणाली.

त्यानं गाठीला नख लावलं, मग तसंच राहू दिलं. मेणबत्ती तेवढी काढून त्यानं खिशात ठेवली.

"सावेता," तो वर बघून म्हणाला. "सावेताकडून."

ओनोफ्रेनं फांदी ठोकली, पंचा बांधला आणि ते नाव इतक्या मोठ्यानं पुकारलं की मक्याच्या ताटांपलीकडच्या घरातला कुत्रा भुंकला.

नंतर ते खाली आले, जेवले, आलुबुखाऱ्याची दारू प्यायले. उन्हं उतरल्यावर साथीदार हत्यारं गोळा करू लागले. पंचा सुतारांचा हक्काचा असतो. ओनोफ्रे शिडीकडे गेला, एक पायरी चढला, वर पाहिलं आणि उतरला.

"तो राहू दे तिथं. माझ्याकडे पंचे पुष्कळ आहेत." त्यानं भिंतीतल्या रिकाम्या चौकटीवर हात ठेवला. "दार आत उघडायचं की बाहेर? घेणाऱ्यांना विचारून सांगतो म्हणाला होतात."

"आत उघडणारं करा," ग्रिगोरे म्हणाला. "ती म्हणायची, आलेल्या माणसाला दारासाठी मागं सरायला लावू नये."

तुदोरा बशा पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण पुसलेलीच बशी पुन्हा पुसली.

सगळे गेल्यावर वारा सुटला. वर पंचा फडफडला आणि गाठीतलं नाणं आढ्याच्या लाकडावर आपटलं. थोडं थांबून पुन्हा आपटलं.

ग्रिगोरे चौकटीत उभा होता. तो बाजूला सरला.