संत्र्याच्या फांदीवरची निळी फीत

मी एक जुनी निळी फीत आहे, एका टोकाला जळलेली. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्हांला माझी कीव नको, राग यायला हवा.

कोस्टारिकातल्या एका टेकडीवर, संत्र्याच्या बागेत माझं आयुष्य गेलं. एर्मिदाबाईंनी जुना घागरा फाडून पट्ट्या केल्या, त्यांतली मी एक. फांदीला रोग लागला, की बाई तिला निळी फीत बांधत. छाटणीवाले येऊन फीत दिसेल ती फांदी तोडत, मला सोडून घेत आणि फांदी जाळत. आमच्यामुळे बाग वाचते, असं सगळे म्हणत. मला त्याचा फार तोरा होता.

मग एका वर्षी झाडांवर फुलपाखरांचे सुरवंट दिसू लागले. पानावर असे पडून राहत, की पाखरानं घाण केली आहे असंच वाटावं. बागेचा मालक ओल्मान हा बाईंच्या भावाचा मुलगा. तो विषाचा पंप पाठीला लावून निघाला.

"थांब रे," बाई म्हणाल्या. "पाखरं आणि गांधीलमाश्याच यांना संपवतात. मी वीस सुरवंट निवडून रोज मोजते. पाचांच्या वर जगले, तर खुशाल फवार."

"आत्या, या वयात पाखरांची घाण मोजत बसणार?"

"तुझे लंगोट धुतले, तेव्हा नाक मुरडलं होतं का मी?"

ओल्मान हसला आणि त्यानं पंप खुंटीला अडकवला.

पण सुरवंट इतके बेमालूम लपत, की बाईंनाही रोज नव्यानं शोधावे लागत. म्हणून त्यांनी विसांच्या वीस फांद्यांना खूण बांधली. घरात धुऊन ठेवलेल्या फिती म्हणजे आम्हीच होतो. तीस वर्षं याच फितींनी रोगट फांद्या दाखवल्या, हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. मला कळत होतं, पण फितीला तोंड कुठलं?

पाचव्या सकाळी सतरा उरले होते. बाई आणि ओल्मान बाजाराला गेले आणि छाटणीवाले आले, फीत दिसेल ती प्रत्येक फांदी तोडू लागले. माझ्या फांदीला कोयता लागला, तेव्हा सुरवंटानं आपली नारिंगी शिंगं बाहेर काढली, उग्र वास सोडला. मुंग्या त्या वासानं पळतात. माणूस पळाला नाही. मला सोडायला त्याला उशीर झाला, म्हणून मी जळले. सुरवंट तर अख्खा जळला.

संध्याकाळी बाई राखेपाशी उभ्या होत्या.

"मीच बांधल्या रे," त्या म्हणाल्या.

"आता मोजणार काय, आत्या? बाकीच्या झाडांवर आहेतच. मला थांबता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी बागभर विष पडलं. फुलपाखरं गेली, मागोमाग पाखरं आणि गांधीलमाश्याही गेल्या. पुढच्या वर्षी मात्र बाहेरून नवी फुलपाखरं आली आणि सुरवंट परत दिसले. आता त्यांना खायला कुणी नव्हतं, म्हणून पंप पुन्हा निघाला.

मित्रांनो, पाखरांच्या नजरेला जो सुरवंट दिसला नाही, त्याला मी दाखवून दिलं. रानात लपलेलं काही सापडलं, तर डोळे भरून बघा, जागा मनात ठेवा, पण खूण बांधू नका. पंपाच्या खुंटीवर आता मी लोंबते. पंपाला तिथं परत यायला सवड होत नाही.