यादीत नसलेलं कारण

"काकू, तुमचा स्क्रीन मीच लॉक केलाय," प्रीता हळू आवाजात म्हणाली. "माझ्या डेस्कवर येता? दोन मिनिटं."

सुलेखा देवपुजारीने चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून तिचे एकशे बारा पेपर झाले होते. प्रश्न सगळ्यांना एकच: युरोपातले लोक समुद्रापार का निघाले? नव्वदेक मुलांनी मसाले लिहिले होते. सोनं तर जवळपास सगळ्यांनीच.

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात हे तपासणी केंद्र थाटलं होतं. पेपर कुठल्याशा दुसऱ्या राज्यातले, स्कॅन होऊन पडद्यावर यायचे; मुलाचं नाव नाही, शाळेचं नाही. प्रत्येक पेपर दोघांनी तपासायचा, मान्य कारणांच्या छापील यादीवरून एक ते चार गुण द्यायचे, आणि दोघांचे गुण जुळायला हवेत. शंभरात ऐंशी वेळा जुळले नाहीत, तर आधी ताकीद; पुन्हा तसं झालं, की काम संपलं.

नागपूरच्या शाळेत सुलेखाने चौदा वर्षं इतिहास शिकवला होता, बोर्डाचे पेपर तपासले होते. अमेरिकेत आल्यावर सहा वर्षं काम करायची परवानगीच नव्हती. ती परवानगी मागच्या नोव्हेंबरात, म्हणजे दोन हजार सातच्या शेवटी आली. त्यानंतरची ही पहिली नोकरी, आणि आज तिसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात बोर्डाच्या सवयीने तिने गुण देताना हात आखडता घेतला, जुळणीचा आकडा शहात्तरवर घसरला आणि ताकीद मिळाली. मग तिने स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं. फक्त यादी बघून गुण द्यायला लागली. आकडा ऐंशीवर आला.

प्रीता तिची टीम लीडर. वय सव्वीस, जन्म इथलाच, आईवडील नाशिकचे. तिने पडद्याकडे बोट केलं.

"ह्याला तुम्ही फोर दिलेत."

"हो."

"काकू, इट्स अ वन."

सुलेखाने उत्तर पुन्हा वाचलं. पेन्सिलीचं वाकडंतिकडं अक्षर, सगळ्या मिळून पाच ओळी. 'घरात जागा नव्हती. शेत मोठ्या भावाला मिळालं. धाकट्याला कोणी जा म्हणालं नाही, पण जेवताना त्याच्यासाठी कोणी सरकलंही नाही. मग तो बोटीवर चढला. सोन्याचं त्याने नंतर सांगितलं, कारण लोक विचारायला लागले.'

"लिस्टवर काय आहे?" प्रीता बोटं मोजू लागली. "आशियाचा रूट. वेल्थ. रिलिजन. नवीन जहाजं. राजांची कॉम्पिटिशन. ह्यातलं ह्या किडने काय लिहिलंय? झीरो."

"अगं, पण हे कारण खरं आहे. मोठ्या घराण्यांत इस्टेट थोरल्याकडे जायची. धाकट्यांनी चर्चमध्ये जायचं, नाहीतर बोटीवर. मी शिकवलंय हे."

"आय बिलीव्ह यू. पण लिस्टवर नाहीये."

"मग लिस्ट अपुरी आहे."

"मग मी काय कमिटीला फोन करू? माझा पण जॉब आहे ना यार." तिने जीभ चावली. "सॉरी. काकू."

सुलेखाला हसू आलं. "यार चालेल. सहा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं."

प्रीता हसली नाही. तिने खुर्ची जवळ ओढली. "ऐका. हे मी सांगायचं नसतं. हा पेपर जुना आहे, लास्ट इयरचा. तुम्हाला चेक करायला मधे टाकलेला. त्या किडला त्याचे मार्क्स कधीच मिळाले. वन. आता तुम्ही फोर द्या नाहीतर फॉर्टी द्या, त्याला काहीच फरक नाही. फक्त तुम्हाला आहे. मी एकदाच री-ओपन करू शकते. वन दिलात तर तुम्ही ऐंशीवर राहता. नाहीतर सिस्टिम तुम्हाला काढते. मी नाही, सिस्टिम."

"कळलं."

"प्लीज, काकू."

सुलेखा जागेवर येऊन बसली. पेपर पुन्हा उघडला होता.

तिच्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या, वडिलांचं सीताबर्डीत हार्डवेअरचं दुकान होतं. एका दिवाळीनंतर थोरल्या भावाने ते वाढवलं, जिना हलवला, आणि गुरुनाथ-सुलेखाच्या खोलीत पाइपांचा माल येऊन पडला. तात्पुरता, असंच सगळे म्हणाले. कोणी कोणाला वावगं बोललं नाही. त्याच महिन्यात गुरुनाथने अमेरिकेसाठी अर्ज करायला सुरुवात केली. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या जेवणांत कोणी विचारलं, की तो 'एक्स्पोजर' म्हणायचा. सुलेखा शेजारी उभी राहून मान हलवायची. इतक्या वर्षांत ते दोघं एकमेकांशीही त्या पाइपांबद्दल बोलले नव्हते.

तिने बाण एकच्या आकड्यावर नेला. तिला थकवा आला होता. घरी दिवसभर एकटं बसण्याचा थकवा वेगळा आणि हा वेगळा. ह्यातला तिला हा हवा होता. महिनाभर तरी हवा होता.

पाच ओळी तिने तिसऱ्यांदा वाचल्या आणि चार दाबलं.

पडदा निळा झाला. काम थांबवून टीम लीडरला भेटा, असं त्यावर आलं.

गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने प्रीताच्या टेबलावर ठेवलं. प्रीता बराच वेळ त्याची पट्टी गुंडाळत राहिली.

"मी घरी सोडू? माझा लंच बाकी आहे."

"तू जेव. सकाळपासून नुसती कॉफी पितेस."

"यू आर सो स्टबर्न. सेम माझ्या आईसारख्या."

"आईला नमस्कार सांग."

गुरुनाथ पाचला न्यायला यायचा. आत्ता दीड वाजला होता. फोन केला असता तर तो आला असता. पण काय झालं, हे त्याला सांगावं लागलं असतं. घर चार मैलांवर होतं. सुलेखा चालू लागली.

त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. डाव्या हाताला गाड्या, उजव्या हाताला गवताचा उतार. एप्रिलमुळे सगळ्यावर पाइनच्या परागांची पिवळी पूड बसली होती. पहिल्या मैलातच कुर्ता घामाने पाठीला चिकटला आणि घसा खवखवू लागला.

एक पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली. काच खाली करून एका वयस्क बाईंनी विचारलं, गाडी बंद पडली का? सुलेखाने नाही म्हटलं. मग बरं वाटत नाहीये का? तसंही नाही.

"मग तुम्ही चालत का निघालात?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. आवाजात खरीखुरी काळजी होती.

सुलेखाने रस्त्याकडे पाहिलं. मागून येणाऱ्या गाड्या बाजूने वळसा घेऊन जात होत्या.

"हवा छान आहे म्हणून," ती म्हणाली.

बाईंना ते पटलं. हो, खरंच छान आहे, असं म्हणून त्यांनी काच वर केली.