चप्पल काढलेलं गिऱ्हाईक

मयंकची बोटं सुरू झाली की कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. मिनिटाला तीनशे क्लिक! शहाद्यात एवढ्या वेगाने काहीही करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट मयंकने निम्म्या शहाद्याला स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली होती.

खेळ युद्धाचा. दोघांनी आपापलं गाव वसवायचं, कामगार राबवायचे, फौज उभी करायची आणि समोरच्याचं गाव बुडवायचं. पाळीबिळी नाही, दोघंही एकाच वेळी, थांबला तो मेला. नाशिकच्या स्पर्धेला कॉलेजातून एकच जण जाणार होता. मयंक गेला तर उन्हाळाभर मोकळा. नाही गेला तर ऐन लग्नसराईत आजोबांच्या, म्हणजे अमृतलालशेठच्या, साडीच्या दुकानात गादीवर. तसा शब्दच देऊन बसला होता पठ्ठ्या. त्या गादीपासून त्याला चार हात लांबच राहायचं होतं.

समोर होती सीमा, धडगावकडची. ती शिकली होस्टेलच्या मठ्ठ कॉम्प्युटरवर. तो मिनिटाला पन्नासच्या वर क्लिक घेतच नसे, म्हणून ही आधी विचार करायची आणि मग बोट उचलायची. मयंकने तिला मनातल्या मनात केव्हाच हरवून टाकलं होतं.

पहिला डाव तो हरला. सीमाने डाव्या कोपऱ्यात एक शिपाई पाठवला, मयंकची अख्खी फौज डावीकडे धावली. उजवीकडे एक पाठवला, फौज उजवीकडे. असं दहा वेळा झालं. मग सीमा मधल्या रस्त्याने निवांत आत शिरली.

तीनातले दोन डाव जिंकायचे होते. जेवणाच्या सुटीत मयंक तोंड पाडून दुकानात आला. हकीकत ऐकून अमृतलालशेठनी कपाळाला हात लावला.

"आरे, तुन्हा हात पळतंस, पन डोकं कोठे शे? दारमा कोनी बी उभं ऱ्हायनं का तू उठस. असं उठानं नही."

"मंग कव्हय उठानं?"

"गिऱ्हाईकनी चप्पल काढी का मंग उठानं. बाहेरथीन भाव इचारस त्याले काहीच लेनं नही ऱ्हास. चप्पल काढीसन गादीवर बसना, तो लेवावाला."

चाळीस वर्षांचा धंदा बोलत होता. मयंकला पटलं. दुसऱ्या डावात सीमाचा शिपाई कोपऱ्यात नाचत राहिला, मयंकने ढुंकूनही पाहिलं नाही. बोटं आवरेनात तेव्हा हात मांडीखाली दाबले. फौज पुरेशी झाल्यावर हात सोडले आणि चार मिनिटांत तिचं गाव साफ केलं. सीमाने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. मयंक अगदी शेठसारखा हसला.

तिसरा डाव. एक शिपाई आला; मयंक ढिम्म. दुसरा आला, ढिम्म. मग डाव्या कोपऱ्यात शिपायामागून एक कामगार आला आणि चक्क झोपडं बांधायला लागला. म्हणजे मुक्कामालाच आली की! चप्पल काढली!

मयंकने सगळी फौज डावीकडे सोडली, तीनशेच्या वेगाने, एकही क्लिक न चुकवता. एवढी देखणी धाव त्या रूममध्ये कोणी पाहिली नव्हती. झोपडं पडलं. आत कोणीही नव्हतं. सीमाची फौज तोवर उजवीकडून त्याच्या ओस गावात पोचली होती.

मयंकच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. "मी झोपडं बघून उठेन, हे तुला कसं कळलं?"

"एकट्या शिपायाला तू उठेनास, तेव्हा वाटलं, आजोबांनी शिकवलं असणार," सीमा म्हणाली. "होळीच्या आधी मी आणि आई तुमच्या दुकानात आलो होतो. आईने बाहेरून भाव विचारला, आजोबा हलले नाहीत. मग तिने चप्पल काढली. अठरा साड्या उघडल्या त्यांनी."

"कोणती घेतलीत?"

"एकही नाही. धडगावची जीप सगळ्या सीटा भरल्याशिवाय सुटत नाही, ती भरायची होती. तोवर पंख्याखाली बसलो."

संध्याकाळी तो दुकानात शिरला तसं शेठनी विचारलं, "हारना का?"

"मी नही, तुम्ही हारनात," मयंक म्हणाला आणि अठरा साड्यांची गोष्ट सांगितली.

शेठनी बोटांवर अठरा मोजले. मग एकदम ओरडले, "आनि चहा बी पीसन गयी ती!"

दुसऱ्या दिवशी शब्द दिल्याप्रमाणे मयंक गादीवर बसला. भर दुपारी एक बाई आली, चप्पल काढून थेट पंख्याखाली टेकली. शेठचा हात सवयीने साड्यांच्या थप्पीकडे गेला. मयंकने तो हलकेच धरला.

"मावशी, जीपमा किती सीट बाकी शेतंस?"

बाई आधी चपापली, मग पदर तोंडाला लावून हसली. "तीन."

मयंकने तिला पाणी दिलं, पंखा एकने वाढवला आणि हात मांडीखाली घेऊन बसून राहिला.