चिमीच्या वजनाची स्प्रिंग

शितलची बाळंतपणाची सुट्टी सोमवारी संपणार होती, आणि चिमी काही झोळीत झोपायला तयार नव्हती. राहू गावातल्या तिच्या सासरी सध्या एवढाच एक प्रश्न होता. तिच्या सासूबाईंना, सगुणाबाईंना, तर तो केवळ आपलाच वाटत होता.

शितल कुरकुंभला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. ती कामावर गेली की लेकीला कोण बघणार, असा विषय निघाला तेव्हा दौंडला तिची आई पुतळाबाई तयारच बसल्या होत्या. बाळंतपण त्यांच्याकडं झालेलं, चिमीचे पहिले महिनेही त्यांच्याच मांडीवर गेलेले. पण सगुणाबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं की नात आमची आहे, ती आमच्या घरात वाढंल. आता ते करून दाखवायचं होतं.

दौंडला चिमी स्प्रिंगच्या झोळीत झोपायची. छताच्या कडीला स्प्रिंग आणि तिच्या खालच्या आकड्याला जुन्या लुगड्याची झोळी. चिमीला घेऊन शितल सासरी निघाली तेव्हा पुतळाबाईंनी ती स्प्रिंगही पिशवीत घातली होती. न्यायला आलेल्या सगुणाबाईंनी ती हळूच बाहेर काढून तिथल्याच खिडकीत ठेवली. पाळणा आजोळहून यायचा असतो, तो त्यांनी हळदीकुंकू लावून घेतला होता. पण लोखंडाचा तुकडाही विहिणीकडून न्यायचा, हे काही त्यांना पटेना. त्यांचा मुलगा ज्ञानेश कंपनीत फिटर होता. त्याच्या हाताखालून रोज किती लोखंड जात असेल.

ज्ञानेशनं साहेबांना विचारून भंगारातली एक स्प्रिंग आणली. कुठल्याशा मोठ्या मशीनची, चांगली बोटाएवढ्या जाड तारेची. घासून, पुसून, तेल लावून त्यानं ती छताला टांगली तेव्हा शेजारचा म्हस्कूही बघायला आला. बाळाला ठेवायच्या आधी खात्री करावी म्हणून सगुणाबाईंनी झोळीत पाण्याची भरली कळशी ठेवली. स्प्रिंग जागची हलली नाही. मग म्हस्कू स्वतःच झोळीला लोंबकळला. स्प्रिंग नुसती करकरली.

"चिमी सोडा, चिमीचं वऱ्हाड बसलं तरी तुटायची न्हाई," म्हस्कू म्हणाला, आणि सगळे खूश झाले. यात काही चुकतंय असं कुणाच्याच मनात आलं नाही.

चिमीला झोळीत ठेवलं. तिनं पाय झाडले. थांबली. काहीतरी व्हायचं राहिलंय अशी वर बघत राहिली. पुन्हा पाय झाडले, आणि मग ओठ काढून जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. सगुणाबाई झोके देऊ लागल्या. झोळी हलती तोवर पोर गप्प, हात थांबला की पुन्हा सूर. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा उजवा खांदा असा धरला की पदर सारखा करतानाही कळ यायची. पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.

ज्ञानेशनं मग स्प्रिंग काढून सायकलची ट्यूब बांधली. चिमीला ती आवडली. ती वरखाली झाली, हसली, झोपलीसुद्धा. पण रबरच ते. ताणलेलं परत यायचं विसरत गेलं, झोळी हळूहळू खाली उतरली आणि शितल बाजारातून आली तेव्हा चिमी फरशीला टेकून झोपलेली अन् मांजर तिच्या पायाचा वास घेत होतं. सगुणाबाई तिथंच भिंतीला टेकून पेंगत होत्या.

शितल रागावली नाही. तिनं लेकीला उचललं आणि संध्याकाळी भाकरी थापताना सासूला म्हणाली, "आत्या, सोमवारपासनं हिला आईकडंच सोडते मी. दौंडवरनं कुरकुंभ मला जवळच पडतंय. तुमच्या जिवाला उगं कशाला तरास?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, माया होती. म्हणूनच ते सगुणाबाईंना जास्त लागलं. त्यांनी नुसतं हूं म्हटलं आणि काटवटीतलं पीठ सावरत राहिल्या.

सकाळी त्यांनी अंगणात सावलीला बाज टाकली, चारी बाजूंनी उशा लावल्या, मधे चिमीला ठेवलं आणि शेजारी गवार निवडत बसल्या. बाज जुनी, सुतळी सैलावलेली. चिमीनं पाय झाडले तशी सुतळी दबली आणि तिला घेऊन वर आली. चिमी दचकली. मग तिनं मुद्दाम पाय झाडले. सुतळीनं पुन्हा तिला उचललं. ती खुदकन हसली, थोडी थांबली, पुन्हा पाय झाडले.

सगुणाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

ज्ञानेश एवढा होता तेव्हा त्या कांदा खुरपायला जायच्या आणि बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायच्या. शेताच्या मालकांनी काळजीनं चांगली मांडीएवढी फांदी निवडून दिली होती. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच झोळी सोडून बाजूच्या बारक्या फांदीला बांधली, त्यावरून मालक बोललेही होते. का बदलली होती ते आता नीट आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की वारा पडलेला असायचा, झाडाचं दुसरं पान हलत नसायचं, आणि ती एक फांदी आपली वाकायची, उठायची, वाकायची. त्या खुरपता खुरपता लांबून बघायच्या आणि पुढच्या वाफ्यात सरकायच्या. फांदी पोरगंच हलवत होतं. आता इतक्या वर्षांनी नात दाखवत होती.

कळशी पेलणारी स्प्रिंग चिमीच्या काय कामाची? तिच्या पायात बळ ते एवढंसं.

बाजेवर तिला दिवसभर सोडता येणार नव्हतं, उलथून पडली असती. सगुणाबाईंनी गवारीचं सूप बाजूला ठेवलं, चिमीला कडेवर घेतलं आणि दौंडला फोन लावला.

"विहीणबाई, ती खिडकीतली स्प्रिंग हाय का अजून?"

पलीकडून पुतळाबाई म्हणाल्या, "हाय की. का वो, कंपनीतलं लोखंड संपलं?"

"संपलं न्हाई. पर ते मोठ्या माणसाचं हाय. तिला हालवाय जमंना. आन् माझा खांदा गेलाय झोके देऊन."

खांद्याचं त्या पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या. पुतळाबाईंनी हसून घेतलं, पण टोमणा पुढं नेला नाही. दुपारच्या गाडीनं निघते म्हणाल्या. बोलता बोलता थांबून विचारलंही, "शितल तर म्हणली, सोमवारी पोरगी हिकडं येणार?"

"तिनं ठरवलंय तसं. तुम्ही या तर आधी."

पुतळाबाई यवतला एस्टी बदलून आल्या. स्प्रिंग टांगली, झोळी बांधली. चिमीनं पाय झाडले, झोळी खाली गेली, वर आली. ती थोडा वेळ स्वतःलाच वरखाली करत राहिली आणि चहा उकळायच्या आत झोपली. शितल दारात उभी राहून बघत होती.

पुतळाबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "ही हिला फार दिवस पुरायची न्हाई. जड झाली की जमिनीला टेकंल. मग मी जरा जाड तारंची आणीन."

"आणा," सगुणाबाई म्हणाल्या. मग शितलकडं वळल्या. "तू पिशवी भरली असशील तिची. भरलेली असू दे. दर शनिवारी हिला दौंडला न्यायची, रविवारी सांजंला आणायची. बाकीचे दिवस माझ्याकडं."

शितलनं आईकडं बघितलं. पुतळाबाई बशीत चहा ओतत होत्या.

"खांद्याला शेक घेता का पण, आत्या?" शितल म्हणाली. खांद्याचं आईनं तिला सांगितलं होतं.

"घेते."

सोमवारी शितल पहिल्या पाळीला गेली. चिमी झोळीत आपली आपण झुलत होती. सगुणाबाईंचा हात दोनदा सवयीनं झोळीकडं गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो मागं घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.